टामियाची हॉर्नेट: जुन्या गाडीसाठी नवं किट घ्यावं का?

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. घरात १९८० च्या दशकातली हॉर्नेट, म्हणजे टामियाची रिमोटवर चालणारी गाडी, माळ्यावर पडून असेल, तर एकेक सुटा भाग शोधत बसू नका. री-रिलीजचं, म्हणजे कंपनीने नंतर पुन्हा काढलेलं, अख्खं किट घ्या आणि ते खोकं स्पेअर पार्टचं कपाट म्हणून वापरा. जुनी गाडी नसेल, नुसती जोरात पळणारी रिमोटची गाडी हवी असेल, तर मात्र हॉर्नेटच्या वाटेला जाऊ नका. तेवढ्या पैशात हिच्यापेक्षा शहाण्या गाड्या मिळतात.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टामिया ही जपानमधल्या शिझुओकाची कंपनी. हॉर्नेट तिने १९८४ साली काढली, त्याच वर्षीच्या ग्रासहॉपर या आपल्याच दुसऱ्या गाडीच्या चॅसीवर, म्हणजे सांगाड्यावर. ग्रासहॉपरला लहान ३८० मोटर, हॉर्नेटला दणकट ५४०, शिवाय मागे तेल भरलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर. एकास दहा मापाची बग्गी, ताकद फक्त मागच्या चाकांना. खोक्यात तयार गाडी नसते, सुटे भाग असतात. जोडणी आपली आपण करायची. २००४ मध्ये कंपनीने हीच गाडी पुन्हा बाजारात आणली.

आमची हॉर्नेट मूळची, मामाने मस्कतहून आणलेली. दादाने आणि मामाने मिळून जोडली. मला फक्त वाटीतले स्क्रू मोजायला बसवलं होतं, हात लावायची परवानगी नव्हती. आता दादा मेलबर्नला, गाडी माझ्याकडे, आणि मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. म्हणजे न्याय झाला.

गाडीची अवस्था अशी: टायरचं रबर कडक होऊन चिरलेलं, बॉडीचं नाक फाटलेलं, पांढऱ्या रिमा पिवळ्या पडलेल्या. रिमोटचे इशारे पकडणाऱ्या रिसीव्हरच्या डबीत चार पेन्सिल सेल तसेच राहिलेले आणि फुटून त्यांची पांढरी बुकटी पत्र्यांवर चढलेली. अल्कलाइन सेलची ही घाण अल्कली असते, ती पाण्याने नीट निघत नाही. कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन पुसलं की फसफसून सुटते, मग स्पिरिटने पुसून घ्यायचं. चॅसी मात्र धड होती. हॉर्नेटची चॅसी म्हणजे एकसंध प्लास्टिकचं टब. ते फुटलेलं नसेल तर गाडी उठते असं खुशाल समजा.

खोलायला बसण्याआधी एक काम करा, जपानी मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. टामियाचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फुलीच्या, म्हणजे फिलिप्स ड्रायव्हरसाठी केलेले नसतात. त्यांची फुली जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाची असते. दिसायला सारखीच, पण फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण खाली बसत नाही. जोर लावला की वर चढतं आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं. व्हेसल या जपानी कंपनीचे ड्रायव्हर ऑनलाइन सहज मिळतात, फार महागही नाहीत. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात पडल्याचा बारीक 'टक्' हाताला जाणवतो, मग सुलटा पिळा. तसं केलं नाही तर प्लास्टिकमध्ये नवे आटे पडतात आणि चार वेळा उघडझाप झाली की भोक ढिलं होतं. विद्यार्थ्यांना हे सांगून सांगून माझा घसा बसतो.

माझा जीव रमला तो स्पीड कंट्रोलरमध्ये. हल्लीच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असतो, मोटरला हवी तेवढीच वीज तो मोजून देतो. जुन्या हॉर्नेटमध्ये मेकॅनिकल. एक सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या हुकमावर फिरणारी छोटी मोटर, तांब्याचा हात फिरवतो, तो हात पट्ट्यांवरून सरकतो आणि वेग पायरीपायरीने वाढतो. खालच्या पायऱ्यांवर उरलेली वीज रेझिस्टरमध्ये नुसती जळते, म्हणून हळू चालवली की रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो. वाया घालवायची ही पद्धत शिकवायला फार छान आहे. वर्गात दाखवली तर ओहमचा नियम कुणी विसरत नाही. आमच्या गाडीतल्या पट्ट्या काळ्या पडलेल्या. दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने अलगद घासल्या, स्पिरिट लावलं, मीटर लावून पाहिला, आणि पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत रीडिंग नीट उतरत गेलं.

तरीही रोज चालवायला मी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरच बसवला. मेकॅनिकलला बॅटरी संपत आल्याचं कळत नाही. त्याच्यावर लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरी लावली तर ती मर्यादेखाली उतरून कायमची बाद होते, फुगलीच तर घरात धोका. ज्यांना जुनं तसंच ठेवायचं आहे त्यांनी ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी वापरावी आणि सुखी राहावं. री-रिलीजच्या काही खोक्यांत इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर येतो, काहींत येत नाही, तेव्हा पैसे देण्याआधी विक्रेत्याला नक्की विचारा. रिमोट, रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी, चार्जर हे सगळं वेगळं घ्यावं लागतं, हेही आधीच कळलेलं बरं. २७ मेगाहर्ट्झचा जुना रिमोट शोकेसमध्ये ठेवा. क्रिस्टलच्या जोडीवर, म्हणजे ठरलेल्या एकाच फ्रीक्वेन्सीवर, चालणारा तो सेट, शेजारी त्याच क्रिस्टलवर दुसरी गाडी सुरू झाली की दोन्ही गाड्या भुतानं झपाटल्यासारख्या वागतात. साधा २.४ गिगाहर्ट्झचा सेट बसवला की ही कटकटच राहत नाही.

आता किटबद्दल. टायर, रिमा, शॉक, बॉडी, गिअर, जे जे काढून जुन्या गाडीला लावलं ते ते बसलं. कानस लागली नाही, सुरी लागली नाही. वीस वर्षांनी परत काढलेल्या वस्तूबद्दल हे सांगता येतं, ही मला मोठी गोष्ट वाटते. मागचे काट्याचे टायर आणि पुढचे रेघांचे टायर नुसते हातात घेतले तरी दादाला फोन करावासा वाटतो. गिअरबॉक्स उघडला तर जुनं ग्रीस थिजून गूळ झालेलं. ते पेट्रोलने नको, प्लास्टिक खराब होतं. केरोसीनमध्ये जुना टूथब्रश बुडवून काढलं, लगेच साबणाने धुतलं आणि नवीन ग्रीस पातळ थराने लावलं.

कंजूषपणा कुठे? बेअरिंगमध्ये. एवढ्या किमतीत अजूनही बुश, म्हणजे साध्या पुंगळ्या, देतात, बॉल बेअरिंग नाही. पण त्यासाठी टामियाचंच पाकीट मागवायची गरज नाही. गाडीला लागणारं बेअरिंग ११५० मापाचं, म्हणजे बाहेरून ११ मिलिमीटर, आतून ५ आणि रुंदी ४. बेअरिंगच्या दुकानात एमआर ११५ म्हणा, दुकानदार बरोबर काढून देतो. बदलल्यावर चाक बोटाने फिरवा आणि फरक बघा.

बॉडी पॉलीकार्बोनेटची, पारदर्शक येते. रंग आतून मारायचा, म्हणजे बाहेरचा तुकतुकीतपणा आपोआप मिळतो आणि आपटली तरी रंग खरवडत नाही. रंग पॉलीकार्बोनेटचाच हवा, टामियाच्या डब्यावर पीएस लिहिलेलं असतं. टीएसचे डबे कडक प्लास्टिकसाठी. ते इथे मारले तर पहिल्याच धडकेत पोपडे निघतील. आधी भांड्याच्या साबणाने धुवा, हाताचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. स्टिकर आपण कात्रीने कापायचे आहेत. संध्याकाळ जाते, मान दुखते, पण मुलं घरात असतील तर त्यांना बसवा. स्क्रू मोजण्यापेक्षा बरं काम आहे.

चालवायला कशी? वेडी. मोटर आणि गिअरबॉक्स मिळून एकच जड गोळा आहे आणि खड्डा आला की तो अख्खा गोळा वरखाली होतो. एवढं वजन शॉकना आवरत नाही, त्यामुळे मागचा भाग उड्या मारत जातो. दाट सिलिकॉन तेल घातलं की थोडा शांत होतो, थोडाच. री-रिलीज काढताना कंपनीने हा दोष दुरुस्त केला नाही, आणि मला विचाराल तर बरंच केलं. ज्यांना जास्त ताकदीची ब्रशलेस मोटर घालून हिला रॉकेट करायचं आहे त्यांनी गिअर आणि चॅसी दोन्हींची आशा सोडावी. ५४० मोटर पुरेशी आहे. आमच्या कॉलनीच्या मैदानावर कुत्री मागे धावतात, ती तिला गाठू शकत नाहीत.

किंमत हाच खरा अडथळा. २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात ड्युटी २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. त्यावर जीएसटी आणि कुरिअरवाल्याचा हिशेब, की तिकडची स्वस्त गाडी इकडे दुप्पट होते. मी एका ऑनलाइन दुकानातून मागवायचं ठरवलं होतं. त्यांनी 'ओरिजिनल' म्हणून दाखवलेला फोटो आणि सांगितलेली किंमत यांचा मेळ बसेना, म्हणून नाद सोडला. भाचा जपानमध्ये असतो, त्याच्या बॅगेतून किट आलं. रुपयांत धरलं तर दहा हजारांच्या आतबाहेर. तुमचं कुणी तिकडून येणार असेल तर त्याला बॅटरी आणायला सांगू नका, विमानात लिथियमचे नियम कडक असतात. बॅटरी इथे मिळते. बेअरिंग तर मिळतातच. पीएसचे रंगाचे डबे मात्र मागवू नका, स्प्रेचे डबे विमानात चालत नाहीत. ते इथल्याच आरसीच्या, म्हणजे रिमोटच्या गाड्यांच्या, दुकानात विचारा, आणि काळा रंग असला तर दोन घ्या.