टिपरला प्री-क्लीनर बसवून आठ महिने झाले: वापरानंतरचा अनुभव

आमचा टाटा २५१८ टिपर घुग्घुस-वणी पट्ट्यात कोळशाच्या खेपा मारतो. इंजिन कमिन्सचं, ५.९ लिटर, टर्बोवालं, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा असलेलं. गेल्या वर्षी इंजिनकाम निघालं. टर्बो उघडला तर पात्यांच्या कडा झिजून कागदासारख्या पातळ झालेल्या. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनरही गेलेले. मिस्त्रींनी पात्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "भाऊ, हे धुळीनं खाल्लंय." तेव्हापासून मी हवेच्या बाजूकडे नीट लक्ष द्यायला लागलो.

दुकानदारानं आधी तेल लावलेला, धुऊन परत वापरायचा कापडी फिल्टर दाखवला. हवा मोकळी मिळते, पिकअप वाढतो, म्हणाला. मी नाही घेतला. या जुन्या डिझेल इंजिनात पंप किती डिझेल सोडतो त्यावर ताकद ठरते. मूळ फिल्टर स्वच्छ असेल तर नुसती हवा वाढवून काही हाती लागत नाही. उलट २००० आरपीएमला हे इंजिन टर्बोचा दाब न धरताही मिनिटाला सुमारे ५९०० लिटर हवा ओढतं. खाणीच्या रस्त्यावर त्या हवेतून काय काय आत जात असेल!

म्हणून कागदी फिल्टर तसाच ठेवून त्याच्या आधी, हवेच्या पाइपाच्या तोंडावर, वाटीवाला प्री-क्लीनर बसवला. आत तिरपी पाती असतात. हवा गरगर फिरते, जड धूळ कडेला फेकली जाते आणि पारदर्शक वाटीत जमते. घेताना पाइपाचा व्यास आणि इंजिनाला लागणारी हवा, दोन्ही जुळवून घ्या. लहान पडला तर इंजिनाचा श्वास अडतो, फार मोठा झाला तर हवा पुरेशी फिरत नाही आणि धूळ सुटते.

पहिल्याच संध्याकाळी वाटी वर्तमानपत्रावर पालथी केली. मूठभर काळी-करडी पूड निघाली, मैद्यासारखी बारीक, मध्ये चमकणारे वाळूचे कण. ही रोज फिल्टरवर जात होती! आधी तीन आठवड्यांत फिल्टर भरायचा, आता अडीच-तीन महिने चालतो. बदलायचा कधी, हे मी डोळ्यांनी ठरवत नाही. फिल्टर तुंबल्याचं दाखवणारा साडेचारशे रुपयांचा इंडिकेटर लावलाय, तो लाल झाला की बदलायचा. कॉम्प्रेसरनं हवा मारून फिल्टर झटकणं पूर्ण बंद केलं, कारण त्यानं कागदाला बारीक छिद्रं पडतात आणि ती दिसतही नाहीत.

ॲव्हरेज मात्र वाढलं नाही. टाकी फुल करून तीन वेळा मोजलं, पूर्वीइतकंच आलं. ऑइल कमी होणं थांबलं, पण ते नव्या रिंगांमुळे असणार. त्याचं श्रेय मी प्री-क्लीनरला देणार नाही.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. उन्हानं वाटी पिवळी पडून धूसर झाली, आतली खूण नीट दिसत नाही. खुणेच्या वर भरली की धूळ परत हवेबरोबर जाते, त्यामुळे ड्रायव्हरला रोज आठवण करावी लागते.

प्री-क्लीनर लावण्याआधी दोन गोष्टी बघाच. एअर क्लीनरच्या, म्हणजे फिल्टर बसतो त्या डब्याच्या, तळाचा धूळ बाहेर टाकणारा रबरी व्हॉल्व्ह जागेवर आहे का? आणि फिल्टर ते टर्बो या होजच्या क्लॅम्पा घट्ट आहेत का? होज काढून आत बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टरपाशी किंवा होजमध्ये गळती आहे, आणि पुढे कितीही भारी सामान लावलं तरी ती थांबणार नाही.

दुसरी गाडी बीएस-६ आहे. तिच्या हवेच्या वाटेत सेन्सर आहेत आणि वॉरंटीही चालू आहे, त्यामुळे तिला कंपनीच्याच फिल्टरवर ठेवलंय. या टिपरची वाटी मात्र या आठवड्यात बदलतोय, नवी गॅस्केट घालून.