सेरिन ११८ ची अँटिबॉडी: वर्षभराच्या वापरानंतर

बडोद्यातील आमच्या प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम चालते. इस्ट्रोजेन या संप्रेरकाला पेशीत प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनाच्या, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर अल्फाच्या, ११८ व्या स्थानावरील सेरिन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडला गेला आहे का, हे ओळखणारी सशाची मोनोक्लोनल (एकाच प्रकारच्या रेणूंची) अँटिबॉडी आम्ही गेले वर्षभर वापरत आहोत. त्याआधी दुसऱ्या एका कंपनीची पॉलिक्लोनल (अनेक प्रकारच्या रेणूंचे मिश्रण असलेली) आणली होती. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत, तिने ६६ किलोडाल्टनच्या (या रिसेप्टरच्या वजनाच्या) आजूबाजूला इतके पट्टे (बँड) उमटवले की त्यातला आपला कोणता, हे ठरवण्यातच दोन महिने गेले.

नवी अँटिबॉडी आली ती मे महिन्यात, आणि डबा उघडला तेव्हा आतल्या बर्फाच्या पिशव्यांचे कोमट पाणी झालेले होते. पुरवठादाराला छायाचित्रे पाठवली, त्याचे उत्तर आजतागायत आलेले नाही. सुदैवाने माल बिघडला नव्हता. शंभर मायक्रोलिटरच्या त्या इवल्याशा कुपीतील द्रावणात निम्मे ग्लिसरॉल असल्यामुळे ते उणे २० अंशांवरही गोठत नाही, म्हणून लहान लहान भाग करून ठेवण्याचा खटाटोपही वाचतो.

पहिल्याच ब्लॉटमध्ये मात्र आम्ही तिच्यावर अन्याय केला. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना दहा नॅनोमोलर इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) वीस मिनिटे दिले, तर संप्रेरक न दिलेल्या पेशींच्या रकान्यातही ठळक बँड दिसला आणि अँटिबॉडी फॉस्फेट नसलेल्या रिसेप्टरलाही चिकटते, असा निष्कर्ष काढून आम्ही मोकळे झालो. दोष होता पेशी वाढवण्याच्या गुलाबी द्रावणाचा, म्हणजे मिडियमचा. त्यातला फिनॉल रेड हा रंग सौम्य इस्ट्रोजेनसारखा परिणाम घडवतो, आणि त्यात घालायच्या साध्या सीरममध्ये (रक्तद्रवात) तर संप्रेरके असतातच. फिनॉल रेड नसलेल्या मिडियममध्ये, कोळशाने शुद्ध केलेल्या सीरमवर पेशी तीन दिवस ठेवल्या, तेव्हा तो रकाना जवळजवळ कोरा राहिला.

दुसरी चूक दुधाची. आमच्याकडे ब्लॉकिंगला, म्हणजे प्रथिने चिकटवलेल्या पातळ पडद्यावरच्या (मेम्ब्रेनवरच्या) मोकळ्या जागा आधी झाकायला, दुधाची भुकटी वापरण्याची जुनी सवय आहे (उरलेली चहाला जाते), पण दुधातले केसीन स्वतःच फॉस्फेटयुक्त प्रथिन असल्याने अशा अँटिबॉडीसाठी ते टाळलेलेच बरे. पाच टक्के बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन) वापरल्यावर मेम्ब्रेनवरचा काळपटपणा गेला. पेशी फोडण्याच्या द्रावणात सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घातले नाही, तर मात्र अँटिबॉडी कितीही चांगली असली तरी पेशींतलीच फॉस्फेट काढून टाकणारी फॉस्फेटेज एंझाइमे तिच्यासाठी काही शिल्लक ठेवत नाहीत.

माझा विश्वास बसला तो एका साध्या चाचणीने. त्याच नमुन्याचा अर्धा भाग लॅम्डा फॉस्फेटेजने हाताळला, तेव्हा बँड पूर्णपणे नाहीसा झाला, आणि एकूण रिसेप्टर दाखवणाऱ्या अँटिबॉडीने मात्र तो दोन्ही रकान्यांत दाखवला. हा रिसेप्टर नसलेल्या एमडीए-एमबी-२३१ पेशींतही काही उमटले नाही. इतका मूलभूत पुरावा कंपनीच्या माहितीपत्रकात नसावा, हे खटकते.

एकूण रिसेप्टरचा ब्लॉट सोबत हवाच, कारण इस्ट्रॅडिओल काही तास दिल्यावर रिसेप्टरच कमी होत जातो. अशा वेळी फिकट बँडवरून फॉस्फेट कमी झाला, असे म्हणता येत नाही. शिवाय ही अँटिबॉडी फॉस्फेट आहे एवढेच सांगते, तो कोणी जोडला हे सांगत नाही. वाढघटक ईजीएफ दिल्यावर हे काम एमएपी कायनेज हे फॉस्फेट जोडणारे एंझाइम करते, इस्ट्रॅडिओल दिल्यावर सीडीके-७ या दुसऱ्या तशाच एंझाइमचा हात असतो, आणि बँड दोन्हीकडे सारखाच दिसतो.

वेस्टर्न ब्लॉटसाठी मी ती पुन्हा मागवीन, पेशींच्या इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी (चमकणाऱ्या रंगाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी) नाही; तिथे संप्रेरक दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींच्या केंद्रकांत आम्हांला फरकच दिसला नाही. किंमत जड आहे, म्हणून एकास हजार पातळ केलेले द्रावण आम्ही फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वापरतो. दोनदा चालते, तिसऱ्यांदा बँड फिका पडतो.