अंगणातल्या हौदात कोणते मासे सोडावेत: कोई, गोल्डफिश की गप्पी?

बंगल्यापुढे सहा बाय चार फुटांचा, दोन फूट खोल हौद बांधायचा, कमळ लावायचं आणि कोई (रंगीबेरंगी जपानी कार्प मासे) सोडायचे, असा बेत बहुतेकांच्या डोक्यात असतो. त्यातलं शेवटचं कलम खोडून टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब बघा. या हौदात साधारण १३५० लिटर पाणी मावतं. दुकानात बोटाएवढा दिसणारा कोई पुढे दोन फुटांपर्यंत वाढतो. त्याला निदान चार फूट खोली आणि माशामागे हजारेक लिटर पाणी लागतं. म्हणजे या हौदात एकच कोई मावणार. शिवाय कोई तळ उकरून खातो, त्यामुळे कमळाच्या कुंडीतली माती पहिल्या महिन्यातच पाण्यात आलेली दिसेल.

पण कोल्हापुरात खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. दुपारी हवेचा पारा ३८ च्या पुढे जातो आणि उन्हातलं उथळ पाणी चांगलंच तापतं. नुसत्या उष्णतेपेक्षा प्राणवायूची टंचाई माशांना जास्त नडते. २० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसातच. त्यात गरम पाण्यात माशाची भूक वाढते आणि श्वासही. रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीही तोच प्राणवायू वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. उजाडताना मासे पृष्ठभागाशी तोंड काढून चपचप करताना दिसले, तर ते खाणं मागत नाहीत, गुदमरत असतात. रात्री लाईट गेली आणि हवेचा पंप बंद पडला की पहिला फटका मोठ्या माशांना, म्हणजे कोईलाच बसतो.

गोल्डफिश थोडा सोशिक आहे, पण सगळेच नाहीत. दुकानदार सरसकट ‘गोल्डफिश’ म्हणून देतो, तेव्हा शेपूट बघून घ्या. सडपातळ अंग आणि एकेरी शेपूट असेल तर तो कॉमेट किंवा शुबुंकिन. हौदासाठी हेच घ्यावेत. गोल पोटाचे, दुहेरी शेपटीचे ओरांडा, रांचू घरातल्या काचेच्या टाकीत शोभतात. बाहेर ते संथ पोहतात आणि खंड्याला आयते सापडतात. निम्म्या हौदावर सावली असेल तर १३५० लिटरमध्ये सहा-सात कॉमेट सुखाने राहतील. मात्र ३० अंशांच्या वर पाणी दिवसेंदिवस राहिलं तर तेही मलूल होतात.

गप्पी आणि मोली मात्र उबदार पाण्याचेच मासे. उन्हाळा त्यांना फारसा जड जात नाही, फिल्टर नसला तरी माफक संख्येत निभावतात, आणि डासांच्या अळ्या फस्त करतात, म्हणून मलेरिया विभागही गप्पी सोडतो. बोअरचं जड पाणी मोलीला उलट मानवतं. तोटे दोन. एक, दर महिन्याला पिल्लं. दोन, वरून पाहताना त्यांचा रंग फारसा उठून दिसत नाही, आणि उघड्या हौदात काही पिढ्यांनी गप्पी फिकट होत जातात. गप्पीबरोबर दोन-चार कॉमेट ठेवले तर ते पिल्लं खातात. ऐकायला क्रूर वाटेल, पण संख्या आटोक्यात राहते. माझी पहिली पसंती याच जोडीला.

रोहू-कटला शेततळ्यात शोभतात, अंगणात नाही. चिलापी तर कोणी फुकट दिली तरी घेऊ नका. तिची पैदास आवरत नाही.

काहीही निवडलंत तरी नवा सिमेंटचा हौद तीन-चार वेळा भरून रिकामा करा, नाहीतर सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो. महापालिकेचं पाणी उघड्या पिंपात दिवसभर ठेवून मग घाला. पत्र्यावरच्या पागोळ्या हौदात पडू देऊ नका. वळवाच्या पहिल्या सरीत छपरावरची सगळी घाण त्यात येते. सांडव्याला बारीक जाळी बसवा, कारण जुलैत हौद भरून वाहणारच. आणि जास्त झालेले मासे रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडायचे नाहीत. ते बाहेरचे आहेत, तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतात. दुकानदाराला परत द्या.

तरीही कोईचाच नाद असेल, तर दहा बाय आठ फुटांचा, चार फूट खोल हौद बांधा. त्यात नऊ हजार लिटर पाणी मावतं, पाच-सहा कोई पुरे. मोठा फिल्टर घ्या, बगळ्यासाठी वर जाळी ताणा, आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर जोडून ठेवा. मासे दसऱ्यानंतर आणा, म्हणजे उन्हाळा येईपर्यंत त्यांना रुळायला चार-पाच महिने मिळतात.