सरकारी दवाखान्यातली बीपी-शुगर तपासणी, सहा महिन्यांचा अनुभव (५ पैकी ४)

दक्षिण नागपुरात आमच्या घराजवळ सरकारी आरोग्य केंद्र आहे. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि तिथल्या सिस्टरला उगाच त्रास नको. सहा महिन्यांपासून आईला घेऊन जाऊन राहिली आहे, त्यामुळे एका दिवसाच्या अनुभवावर लिहीत नाही.

आधी वस्तीत शिबिर लागायचं, मंडप बॅनर सगळं, बायांना रांगेत उभं करून भराभर बीपी घ्यायचे, चिठ्ठीवर आकडा लिहून हातात द्यायचे, संपलं. आईच्या औषधाच्या डब्यात अशा चार चिठ्ठ्या निघाल्या, चारही आकडे जास्त, आणि एवढ्या वर्षांत एक गोळी सुरू झालेली नाही. कोणी परत विचारायलाच आलं नाही नं बाप्पा.

या वेळी आशा ताई घरी आल्या, तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरला. वय, कमरेचा घेर, किती चालता, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का. उत्तरांना गुण असतात, बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी बोलावतात, बाकीच्यांची तपासणी नंतर होतेच. माझे चारच्या वर गेले. माझ्या भावाला त्यांनी विचारलं, "तंबाखू खाता का भाऊ?" तो म्हणाला नाही. त्यांनी लगेच दुसरा प्रश्न टाकला, "खर्रा?" तर म्हणे हो, दिवसाचे तीन-चार. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटूनच करतात, पण आपल्याकडे खर्रा खाणारा माणूस स्वतःला तंबाखू खाणारा समजतच नाही, हे वस्तीत फिरणाऱ्या बाईलाच माहीत असतं. केंद्रात त्याचं तोंड टॉर्च लावून नीट पाहिलं, गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला म्हणून त्याच दिवशी चिठ्ठी देऊन डेंटल कॉलेजला पाठवलं.

आता बीपी मोजण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. आई चालत आली होती, ऊन होतं, खुर्चीवर टेकल्या टेकल्या शेजारच्यांच्या लग्नाची गोष्ट सुरू. सिस्टरने मशीन हातात पण घेतलं नाही. म्हणाल्या, "काकू, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय खाली सरळ ठेवा, पट्टा बांधल्यावर बोलायचं नाही." हात टेबलवर छातीच्या उंचीला ठेवला, बाही वर सरकवली, दोनदा मोजलं. १५४/९४ आणि १५०/९२. मी मुद्दाम विचारलं, आल्या आल्या मोजलं असतं तर? म्हणाल्या, ताई, मग बीपीच्या सोबत तुमचा रस्ता पण मोजला गेला असता. दुसऱ्या दिवशी परत बोलावून मोजलं, परत जास्तच, तेव्हा कुठे डॉक्टरांनी गोळी सुरू केली. अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, महिन्याभराची, फुकट.

डॉक्टरांच्या टेबलमागे भिंतीवर एक तक्ता आहे. १४०/९० च्या वर असेल तर पहिली गोळी कोणती, महिन्याने खाली नाही आलं तर पुढे काय, सगळं पायरी पायरीने. डॉक्टर बदलले तरी उपचार तोच राहतो. देशात २०१७ मध्ये बीपी नियंत्रणाचा उपक्रम याच पद्धतीने सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपल्या बाजूचेच वर्धा आणि भंडारा होते, म्हणजे ही कुठली परदेशी गोष्ट नाही. ठरावीक गोळी, न तुटणारा साठा आणि न आलेल्या माणसाला फोन, एवढंच करायचं असतं पण दर महिन्याला करावं लागतं. तिसऱ्या महिन्यात आई मावशीकडे काटोलला गेली, तारीख चुकली, चौथ्या दिवशी सिस्टरचा फोन, "काकू आल्या नाहीत, गोळ्या संपल्या असतील नं?" मला तर हा फोनच सगळ्यात मोठा उपचार वाटतो, चार चिठ्ठ्यांनी जे झालं नाही ते या एका फोनने झालं.

माझी उपाशीपोटी शुगर ११४ आली. गोळी दिली नाही. डॉक्टरांनी बसवून समजावलं की शुगर अशी काठावर असलेल्या लोकांवर चेन्नईत अभ्यास झाला होता, २००६ साली छापून आला, आणि नुसत्या चालण्या-खाण्यातल्या बदलाने तीन वर्षांत डायबिटीस होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्के कमी झालं होतं, ते पण आपल्यासारख्याच भारतीय लोकांत. आठवड्याला १५० मिनिटं चाला म्हणाले. रोज सकाळी अर्धा तास चालते, रविवारी सुट्टी.

आता तक्रारी. मधे दोन आठवडे शुगरच्या स्ट्रिप्स संपल्या होत्या, लोक रिकाम्या हाताने परत गेले, आणि कामावर खाडा करून आलेला माणूस एकदा परत गेला की दुसऱ्यांदा येत नाही. सिस्टर रजिस्टरमध्ये लिहितात आणि तेच परत मोबाईलवर भरतात, त्यात रांग अडते, त्यांना एक माणूस मदतीला पाहिजेच. खाण्याच्या सल्ल्यात फक्त "मीठ कमी, तेल कमी". दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा मीठ, हे मी विचारलं तेव्हा सांगितलं. तर्री पोह्याचं काय, रविवारच्या सावजीचं काय, लोणचं-पापडाचं काय, हे आपल्या ताटातलं बोललं तर बायांना लगेच कळेल. आणि खर्रा सोडा म्हणून सांगून तो सुटत नाही. भावाला १८०० ११२ ३५६ हा तंबाखू सोडायच्या मदतीचा फुकट नंबर मी पुडक्यावर वाचून दिला, केंद्रातून कोणी दिला नाही. एक गुण याचाच कापला आहे.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, निघायच्या आधी अर्धा तास चहा घेऊ नका, जुन्या चिठ्ठ्या सोबत ठेवा आणि जो फोन नंबर खरंच उचलता तोच लिहून द्या. आईचं मागच्या वेळचं बीपी १३२/८४, पुढची तारीख कार्डावर लिहिलेली आहे.