जर्मन बोलायचा सराव: फुकटातला टँडेम पार्टनर की तासावर पैसे घेणारा ट्यूटर?

हे ज्यांचं ए२ झालंय किंवा बी१ अर्ध्यात आहे (ए१, ए२, बी१ म्हणजे भाषा शिकण्याच्या चढत्या पायऱ्या) त्यांच्यासाठी. ए१ वाल्यांनी अजून क्लासातच बसावं, उगाच दोन्हीकडे घाम फुटेल. बाकी डेर-डी-डास (नामाच्या लिंगाप्रमाणे लागणारी उपपदं) पाठ, डाटिव्ह विभक्ती कागदावर बरोबर, आणि समोर खरा जर्मन माणूस आला की तोंडातून फक्त 'या, या' (हो, हो) बाहेर पडतं, अशी मंडळी पुण्यात गल्लोगल्ली सापडतील. मीही त्यातलाच.

तर ऑनलाइन बोलायला माणूस शोधायचे मुळात दोन रस्ते. एक टँडेम, हॅलोटॉक वगैरे अ‍ॅप, तुम्ही त्याला तुमची भाषा द्यायची, तो तुम्हाला त्याची देणार, पैशाचा संबंध नाही. दुसरा आयटॉकीसारख्या साइटवर तासाचे पैसे मोजून ट्यूटर. तिथेही दोन जाती आहेत, रीतसर शिकवणारे शिक्षक आणि नुसतं बोलून सराव करून घेणारे कम्युनिटी ट्यूटर. मी ह्या दुसऱ्या, स्वस्तातल्या जातीबद्दल बोलतोय. दोन्ही रस्ते बऱ्यापैकी तुडवून झालेत, त्यामुळे जे लिहितोय ते अनुभवाचं, मोजमाप वगैरे काही केलेलं नाही.

टँडेमची बाजू आधी सांगतो कारण ती खरंच मोठी आहे. तिथे खरी जर्मन ऐकायला मिळते. पुस्तकातली स्वच्छ वाक्यं नाहीत, अर्धे शब्द गिळलेले, मध्ये मध्ये 'हाल्ट' आणि 'माल' असे भरीचे शब्द पेरलेले, 'वाइल' (कारण) नंतर क्रियापद शेवटी जायला हवं तर पठ्ठ्या खुशाल मध्येच टाकून मोकळा होतो (आपण मराठी माणसं क्रियापद शेवटी न्यायला जन्मापासून तयार, आणि हे लोक स्वतःच नियम मोडतात). शिवाय माणसं भेटतात, त्यांच्या घरचं राजकारण कळतं, रविवारी शेजारी ड्रिल मशीन चालवतो म्हणून चिडलेला माणूस तासभर ऐकवतो. ट्यूटरकडे असं सहसा होत नाही.

पण माझं घोडं अडलं ते इंग्लिशपाशी. म्हणजे बघा, अर्धा वेळ तुझा, अर्धा माझा ही टँडेमची मूळ अट, नव्वदच्या दशकात जर्मनीतल्या बोखुमच्या विद्यापीठातून ईमेलवर अशा जोड्या जुळवायचे तेव्हापासूनची. आता अदलाबदल म्हटली की तुमच्या झोळीत त्याला हवं असं काहीतरी पाहिजे. मराठी कोणाला हवीय? गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक हायडेलबर्गहून येऊन खंडोबाच्या मागे रानोमाळ फिरले, पण असा जर्मन प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. फार तर चाकणला नोकरीसाठी येऊन गेलेला एखादा किंवा मराठी मुलीशी लग्न केलेला जावई. मग आपण इंग्लिश पुढे करतो, आणि समोरच्या तिशीतल्या जर्मन माणसाचं इंग्लिश बऱ्याचदा आपल्याइतकंच चांगलं असतं, त्याला फक्त बोलायला कोणी हवं असतं.

मग होतं काय, मी त्याला सोसायटीत टँकर का मागवावा लागतो ते सांगत असतो, बोअरवेल आटली, महापालिकेचं पाणी एक दिवसाआड, सेक्रेटरी आणि टँकरवाल्याचं साटंलोटं, म्हणजे विषय रंगात आलेला, आणि नेमकं 'अबश्टेलन' (पाणी बंद करणं) या क्रियापदाचं तुटून वेगळं होणारं 'अब' कुठे टाकायचं इथे मी अडकतो, दोन सेकंद, तीन सेकंद, आणि तिकडून अतिशय प्रेमळ आवाजात येतं, 'इट्स ओके, यू कॅन से इट इन इंग्लिश.' झालं. एकदा गाडी इंग्लिशवर गेली की परत येत नाही, कारण आता गप्पा मस्त चालल्यात आणि त्या तोडून परत लंगडत जर्मन बोलायला दोघांनाही जिवावर येतं. कॉल संपतो, दोघं खूश, आणि माझी जर्मन होती तिथेच.

त्यात त्याचा दोष नाही हो. आपण तरी काय करतो, कोणी परप्रांतीय अडखळत मराठी बोलायला लागला की दुसऱ्याच वाक्याला हिंदीवर येतो आणि वर आपणच म्हणतो की हे लोक मराठी शिकत नाहीत. चांगुलपणाच असतो तो, पण शिकणाऱ्याचं वाटोळं करतो.

ह्याला एकच अपवाद मिळाला आणि त्यावरूनच माझी खात्री पटली की खरी अडचण ती इंग्लिशची पळवाट. लाइपझिगकडचे एक रिटायर्ड काका. पूर्व जर्मनीत शाळेत रशियन शिकलेले, इंग्लिश बेताचं, परदेशातल्या नातवंडांशी बोलता यावं म्हणून शिकत होते. मी अडकलो की पळून जायला त्यांच्याकडे दुसरी भाषाच नव्हती! ते शांतपणे थांबायचे, मी हातवारे करायचो, कॅमेऱ्यासमोर बादली धरून दाखवायचो, आणि वाक्य शेवटी बाहेर यायचं. त्यांचा झाक्सनचा (लाइपझिगच्या भागातला, म्हणजे सॅक्सनीचा) उच्चार म्हणजे 'क'चा 'ग' आणि 'त'चा 'द', सुरुवातीला निम्मं डोक्यावरून जायचं, पण चाललं. असे काका मिळाले तर हा लेख इथेच सोडा आणि त्यांना धरून ठेवा. पण ते मिळेपर्यंत जो वेळ जातो, प्रत्येक नव्या माणसाला मी कोण, काय करतो, जर्मन का शिकतो ही टकळी पुन्हा चालवावी लागते आणि तिसऱ्या कॉलनंतर बरेच जण गायब होतात, तो हिशोबही धराच. मैत्रिणींकडून ऐकलेला ताप वेगळाच, अर्ध्या मेसेजना भाषेशी देणंघेणंच नसतं. काही अ‍ॅपवर फक्त बायकांशी जोडी जुळवायची सोय असते, ती आधी चालू करा.

आता ट्यूटर. पैसे दिले की तो थांबतो, एवढाच खरं तर माझा मुद्दा. तुम्ही वाक्य जुळवत बसलात तरी त्याची घाई नाही, तुमचाच तास आहे. पहिल्याच मेसेजमध्ये सांगितलं की इंग्लिशचा एक शब्द नको, शब्द अडला तर जर्मनमध्येच समजावा, तर बहुतेक जण पाळतात. चूक लगेच टोकू नका, चॅटमध्ये लिहून ठेवा असंही सांगता येतं. फुकटातल्या पार्टनरला एवढ्या अटी घातल्या तर तो दुसऱ्या दिवशी दिसणार नाही.

उणं म्हणजे ट्यूटरला तुमची सवय होते. तुमची मोडकी वाक्यं तो अर्ध्यात ओळखतो आणि स्वतः सावकाश, स्वच्छ बोलतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की आपण पोहोचलो, आणि मग एखाद्या बव्हेरियन, म्हणजे दक्षिणेकडच्या वेगळ्याच ढंगात बोलणाऱ्या माणसाचा फोन आला की जमिनीवर येतो. पैशाचं म्हणाल तर तासाला साधारण दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढे जातात. पैसे डॉलरमध्ये, बँक वर आपलं कमिशन लावते, आणि कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार आधी चालू करून ठेवावे लागतात, नाहीतर पेमेंट अडकतं.

वेळेचं गणितही ट्यूटरच्याच बाजूने जातं असं मला वाटतं. टँडेमवाला ऑफिसातून सुटून सहाला बसला तर उन्हाळ्यात आपल्याकडे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात, त्या आठवड्यात हमखास गोंधळ. ट्यूटर मात्र जगभर पसरलेत, थायलंडमध्ये बसलेला जर्मन ट्यूटर आपल्याला सकाळी ऑफिसच्या आधी मिळू शकतो.

गोएथे इन्स्टिट्यूटची बी१ परीक्षा डोक्यात असेल तर अजून एक. श्प्रेखेनच्या (बोलण्याच्या) पेपरात जोडी असते, आधी दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, मग एकेकाचं छोटं प्रेझेंटेशन आणि त्यावर प्रश्न. हे साधारण पंधरा मिनिटांत उरकतं. ट्यूटरने हा प्रकार बऱ्याचदा पाहिलेला असतो, टँडेमवाल्या जर्मन माणसाने आपल्याच भाषेची परीक्षा कशाला बघितली असेल. आणि समोर जोडीला जर्मन नसतोच, नाशिकची किंवा कोल्हापूरची तुमच्याइतकीच घाबरलेली पोरगी असते, म्हणून क्लासमधल्याच कोणाबरोबर तो भाग एकदोनदा करून बघा, तो तर पूर्ण फुकट.

एआयशी बोलण्याबद्दल विचाराल, तर वाक्यं घासायला ठीक आहे, पण ते कंटाळत नाही आणि आपल्याला घाम फुटत नाही, मला तरी घाम फुटल्याशिवाय बोलता येत नाही.

एकूण माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल. बी१ पर्यंत महिन्यातून जमतील तेवढे तास ट्यूटर, आणि अडखळणं कमी होऊन समोरच्याला इंग्लिशवर जायची गरज वाटेनाशी झाली की मग खुशाल टँडेम. तुमचा स्वभाव बडबडा असेल, चुकीचं बोलायची लाज नसेल, तर उलटंही चालेल कदाचित. ट्यूटर निवडताना ट्रायल क्लासमध्ये एवढंच बघा की अर्ध्या तासात कोण जास्त बोललं. तो स्वतःच्या मांजरीबद्दल वीस मिनिटं बोलत बसला तर माणूस कितीही गोड असो, पॅकेज घेऊ नका.