'ह्यूज'वर न थांबणारा शब्दसंच: घ्यावा, पण दुरुस्त करून

रावपुऱ्यातल्या शालेय पुस्तकांच्या दुकानांत एक कार्डसंच मिळतो. प्रचंड मोठ्या गोष्टींसाठी वापरायची इंग्रजी विशेषणं, एकूण ४८ कार्डं, मागच्या बाजूला मराठी अर्थ, किंमत २२० रुपये. बडोद्यात अशा साहित्यावर अर्थ गुजरातीत असतात, त्यामुळे दांडिया बाजारातल्या मराठी घरांना हा संच जवळचा वाटेल. आठवीपासून बारावीपर्यंतच्या मुलांसाठी घ्यायला हरकत नाही. मात्र तसाच्या तसा हातात देऊ नका.

यातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे विभागणी. विस्तार, वजन, देह, उंची आणि मापाबाहेरचं अशा पाच गटांना पाच रंग दिलेत. मुलं निबंधात या पाचही ठिकाणी 'ह्यूज' लिहून मोकळी होतात, आणि गुण तिथेच जातात. 'व्हास्ट' ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ रिकामा, ओसाड. म्हणून तो वाळवंटाला, समुद्राला, पसरलेल्या पाण्याला शोभतो. आजव्याचा तलाव 'व्हास्ट', पण कमाटी बागेतलं कितीही मोठं झाड 'व्हास्ट' होत नाही. 'मॅसिव्ह'मध्ये वजन आणि भरीवपणा आहे, तेव्हा लक्ष्मी विलास पॅलेसचे दगडी खांब 'मॅसिव्ह'. सुरसागरच्या मधोमध उभी असलेली शंकराची मूर्ती 'टॉवरिंग'. 'इमेन्स' म्हणजे मुळात न मोजलेलं, त्यामुळे तो आनंद, दडपण, अभिमान अशा हाती न लागणाऱ्या गोष्टींशी सहज जुळतो.

शब्दांच्या जन्मकथाही बहुतेक ठिकाणी नेटक्या आहेत. 'कोलॉसल'च्या कार्डावर ऱ्होड्स बेटावरच्या सूर्यदेवाच्या पुतळ्याचं चित्र आहे. तो साधारण ३३ मीटर उंच होता आणि इ.स.पू. २२६च्या सुमारास भूकंपात कोसळला. इथल्या मुलांना केवडियाचा १८२ मीटरचा पुतळा समोर ठेवून हा शब्द शिकवला तर तो विसरला जाणार नाही. 'मॅमथ' हे विशेषण अमेरिकेत कसं रुळलं तेही दिलंय: १८०२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावाने अध्यक्ष जेफरसन यांना १,२३५ पौंडांचं, म्हणजे सुमारे ५६० किलोंचं चीज भेट दिलं आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'मॅमथ चीज' म्हटलं. 'जंबो' हे लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या हत्तीचं नाव. १८८२ मध्ये तो अमेरिकी सर्कशीला विकला गेला आणि शब्द घरोघर पोचला.

आता दोष. सर्वांत मोठा दोष मागच्या बाजूला आहे. ४८ पैकी ११ कार्डांवर अर्थ एकच: 'प्रचंड'. पुढून पाच गट पाडायचे आणि मागे सगळे एका शब्दात गुंडाळायचे, याने संचाचा हेतूच बुडतो. मराठी मुलाला हा फरक नव्याने शिकवावा लागतच नाही, तो त्याच्या कानात आहे. धिप्पाड मैदान किंवा अफाट पेटी असं कुणी बोलत नाही. मैदान अफाट, पहिलवान धिप्पाड, पेटी अवजड, कष्ट अपार. 'व्हास्ट'मागे अफाट किंवा विस्तीर्ण, 'मॅसिव्ह'मागे भरभक्कम, 'जायगँटिक'मागे महाकाय, 'इमेन्स'मागे अपार, 'ह्युमंगस'मागे अगडबंब असं छापलं असतं तर निम्मं काम झालं असतं. कार्ड चकचकीत आहे, शाई पुसली जाते, म्हणून ही दुरुस्ती कागदाची चिठ्ठी चिकटवूनच करावी.

दुसरी चूक गुण घालवणारी आहे. काही उदाहरणवाक्यांत 'व्हेरी ह्यूज', 'व्हेरी इनॉर्मस' छापलंय. या शब्दांच्या पोटात 'व्हेरी' आधीच बसलेला असतो. 'बिग' आणि 'लार्ज' यांना 'व्हेरी' किंवा 'फेअरली' लागतं. 'ह्यूज', 'इनॉर्मस', 'जायगँटिक' यांना 'ॲब्सोल्यूटली'. उलट केलं की वाक्य लंगडतं: 'ॲब्सोल्यूटली बिग' कानाला खटकतं ते याचमुळे. 'रिअली' दोन्हीकडे चालतं, त्यामुळे शंका आली तर तेच वापरावं.

सोबतचा तक्ता तर सरळ बाजूला ठेवावा. त्यात 'बिग'ला १ आणि 'कोलॉसल'ला १० अशी शिडी केली आहे. 'ह्यूज' आणि 'इनॉर्मस' यांत मापाचा फरक नाही. फरक सोबतीचा आहे. 'व्हास्ट मेजॉरिटी', 'मॅसिव्ह हार्ट अटॅक', 'मॅमथ टास्क', 'हेफ्टी फाइन' या जोड्या ठरलेल्या असतात. 'लार्ज नंबर' म्हणतात, पण 'लार्ज मिस्टेक' नाही, तिथे 'बिग'. विशेषण एकटं पाठ करण्यापेक्षा प्रत्येक कार्डाबरोबर तीन नामं पाठ करून घेतली तर ते लिहिताना आपोआप आठवतं.

'इनॉर्मिटी'चा अर्थ नुसता 'मोठेपणा' दिलाय. औपचारिक लिखाणात त्याचा अर्थ घोर दुष्कृत्य असा होतो, तेव्हा आकारासाठी 'इमेन्सिटी' किंवा 'स्केल' लिहिणं सुरक्षित. 'जिनॉर्मस' आणि 'ह्युमंगस'वर बोलीभाषेची खूण हवी होती. 'जिनॉर्मस' हा 'जायगँटिक' आणि 'इनॉर्मस' यांचा सांधा, १९४०च्या दशकातल्या ब्रिटिश सैनिकांच्या बोलीतला. मेरियम-वेबस्टरने तो २००७ मध्ये कोशात घेतला. मित्राला लिहिताना ठीक, परीक्षेतल्या अर्जात नको.

उच्चारांची ध्वनिफीत स्वच्छ आहे. 'कोलॉसल'मध्ये जोर दुसऱ्या अक्षरावर येतो, 'जायगँटिक'ची सुरुवात 'ज'ने होते आणि 'गार्गॅन्चुअन'ची 'ग'ने, हे तीनदा ऐकवावं. गोंधळ इथेच होतो. छपाई आणि डबी किमतीच्या मानाने बरी.

डबीत दोन कोरी कार्डं येतात, ती वाया घालवू नका. एकावर विशेषणांचा क्रम लिहा: आकार, वय, रंग, साहित्य, मग नाम. 'अ ह्यूज ओल्ड ब्रास लॅम्प' बरोबर, 'अ ब्रास ओल्ड ह्यूज लॅम्प' चूक. दुसऱ्यावर 'व्हॉपिंग' घ्या, कारण संचात तो नाहीच. आकड्याच्या आधी येणारा हा शब्द बातम्यांत सतत दिसतो: 'अ व्हॉपिंग ४० पर्सेंट'.