घरचे ॲपल सायडर: पातेल्यात शिजवावे की प्रेसमध्ये पिळावे?

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत सप्टेंबर-ऑक्टोबर हा सफरचंदांच्या तोडणीचा हंगाम असतो आणि मुलाबाळांसह बागेत जाऊन आलेल्या अनेक मराठी घरांत त्यानंतर ओट्यावर सफरचंदांची रास पडलेली असते. तिचे सायडर, म्हणजे न आंबवलेला, गढूळ तपकिरी रस, घरीच करायचा विचार असेल तर दोन पद्धती समोर येतात. फळ किती आहे आणि हाताशी माणसे किती आहेत, यावरून त्यांतली एक निवडावी, असे माझे मत आहे.

पातेल्याची पद्धत सोपी आहे. आठ-दहा सफरचंदांच्या फोडी, एक संत्रे, दालचिनी आणि चार लवंगा स्टीलच्या पातेल्यात घालून त्या बुडतील इतके पाणी ओतावे, दोन तास मंद आचेवर शिजवावे, फोडी डावाने ठेचून आणखी तासभर ठेवावे आणि मलमलीतून गाळून चवीपुरती साखर घालावी. थंडीच्या संध्याकाळी हे गरम पेय फार सुखाचे वाटते. मात्र पाणी आणि मसाले यांमुळे त्याची चव काढ्याकडे झुकते आणि ताज्या फळाचा करकरीत आंबटपणा त्यात उरत नाही.

तो हवा असेल तर प्रेसला पर्याय नाही. धुतलेली फळे आधी चक्कीत भरडायची, तो लगदा कापडात बांधून लाकडी पट्ट्यांच्या पिंपात ठेवायचा आणि वरचा स्क्रू दांड्याने फिरवायचा. स्क्रू फिरवण्याआधीच केवळ लगद्याच्या भाराने तोटीतून फिकट रस ठिबकू लागतो आणि हवा लागताच त्याचा रंग गडद होत जातो. फळे धुणे मुलांकडे, सडका भाग काढणे आजी-आजोबांकडे आणि दांडा मोठ्यांकडे अशी कामे आपोआप वाटली जातात. सारे घर एका कामाला लागते, हे मला या पद्धतीचे सर्वांत मोठे बळ वाटते. सुमारे १९ किलो सफरचंदांतून साधारण १० लिटर रस मिळतो. एकाच जातीचे फळ वापरण्यापेक्षा गोड गोल्डन डिलिशसमध्ये मॅकिंटॉश आणि थोडे ग्रॅनी स्मिथ मिसळल्यास चव भरीव होते.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र पातेले सरस ठरते, कारण त्यात सारे उकळलेले असते. कच्च्या रसातून ई. कोलाय जिवाणूची बाधा होऊ शकते. १९९६ साली अमेरिकेत पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसामुळे अनेक जण आजारी पडले आणि एका लहान मुलीचा मृत्यू झाला. त्यानंतर १९९८ पासून अशा बाटलीबंद रसावर इशारा छापणे बंधनकारक झाले. म्हणून जमिनीवर पडलेली फळे घेऊ नयेत, आणि घरात लहान मुले, गर्भवती किंवा वृद्ध असतील तर पिळलेला रस ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवूनच द्यावा. बुरशी लागलेले फळ दोन्ही पद्धतींत टाकूनच द्यावे. तिच्यातील पॅट्युलिन हे विष उकळल्यानेही पुरते नाहीसे होत नाही.

चार माणसांच्या घरी एक पिशवी फळ असेल, तर पातेलेच बरे. दोन-तीन कुटुंबे मिळून पोतेभर सफरचंदे आणणार असतील, तर प्रेस भाड्याने किंवा उसना मिळवावा, आणि तापवून गार केलेला रस डब्यांत वर थोडी जागा ठेवून फ्रीजरमध्ये टाकावा.